मुलं येत नाहीत, मग शाळा कुठं भरवायची?

(रिठद, ता. रिसोड, जि. वाशीम येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान मुलांची स्वतंत्र शाळा कशी उभी राहते आणि कशी वाढते, हे मला सांगायला दिलं आहे. त्याला कारणही आहे. रिठदच्या आसपासच्या वस्त्यांवर आणि तांड्यांवर पहिलीच्या आधीच्या, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आपण काही सुरू करावं, असा प्रस्ताव आपल्या समितीपुढे आहे. काही बंधूंनी इमारतीचा नकाशाही काढून आणला आहे. मी तो पाहिला. दोन खोल्या आहेत, व्हरांडा आहे, बाहेर पाण्याचा नळ आहे, भिंतीवर चित्रं काढायला जागा सोडली आहे. प्रेमानं केलेलं काम आहे. पण त्या नकाशावर बोलण्याआधी मी तुम्हाला इथून फार लांब, पार समुद्राकाठी, बोर्डी नावाच्या गावाला नेणार आहे. आपण जे करू म्हणतो ते तिथं ऐंशी वर्षांपूर्वी दोन बायकांनी सुरू केलं, आणि त्यांच्यापुढं आलेल्या अडचणी आपल्यापुढंही जशाच्या तशा येणार आहेत.

त्यातली पहिली बाई आपल्या अमरावतीची सून. ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर, घरात प्रार्थना समाजाचं वातावरण. त्या काळात बी. ए. झालेली मुलगी. अमरावतीच्या वकिलांशी लग्न झालं, काही वर्षं वऱ्हाडात गेली. तो संसार टिकला नाही. त्या राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात गेल्या आणि तिथून १९२३ मध्ये भावनगरला, गिजुभाई बधेका यांच्याकडे. गिजुभाईंनी वकिली सोडून लहान मुलांचं बालमंदिर काढलं होतं. मारायचं नाही, घोकायला लावायचं नाही, हाताला काम द्यायचं, गोष्टी सांगायच्या. आज हे सगळे म्हणतात. त्या वेळी मास्तरच्या हातात छडी नसेल तर त्याला कोणी मास्तर म्हणत नसे. १९२६ मध्ये या दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईला दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढलं.

इथं थोडं विषयांतर करते. आपल्या लोकांना वाटतं की बालवाडी, किंडरगार्टन हे सगळं अलीकडचं. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत गेल्या, तेव्हा तिथं मुद्दाम राहून त्यांनी फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचं शिक्षण घेतलं. परत आल्यावर १८८९ मध्ये शारदा सदन काढलं. म्हणजे ही विद्या आपल्या घरात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. किंडरगार्टन या जर्मन शब्दाचा अर्थ मुलांची बाग. आता वाशीमला, रिसोडला ज्या पाट्या दिसतात, ‘के.जी. वन, के.जी. टू’, तिथं चार वर्षांच्या लेकराला गळ्यात टाय आणि दप्तरात गृहपाठ असतो. बागेचं तिथं नावच उरलं आहे. असो.

दादरचं शिशुविहार चांगलं चाललं. शहरातली, शिकलेल्या घरांतली मुलं येत होती. पण माँटेसोरी पद्धतीचं साहित्य महाग. मण्यांच्या माळा, घासून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे, एकात एक बसणाऱ्या दट्ट्या, हे सगळं सुतारकामाचं आणि मोजमापाचं. ते परवडतं पैसेवाल्याला. ताराबाईंच्या मनात प्रश्न असा होता, की ज्या मुलाच्या घरात दुसरा सदरा नाही, त्याच्यापर्यंत हे पोचायचं कसं? डिसेंबर १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या मुंबई सोडून बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. बोर्डी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघर. गावात आचार्य भिसे यांच्यासारखी शिक्षणाला वाहिलेली माणसं आधीपासून होती, त्यांचा आधार मिळाला.

बरोबर आल्या अनुताई वाघ. ही दुसरी बाई. जन्म १९१०, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. त्या वयात विधवा झालेल्या मुलीचं काय होत असे, ते या सभेतल्या आज्यांना मी सांगायला नको. या मुलीनं ट्रेनिंग घेतलं, खेड्यात शिकवलं, मग पुण्याच्या हुजूरपागेत शिकवलं, रात्रीच्या शाळेत बसून मॅट्रिक केलं. १९४५ मध्ये बोरिवलीला ग्रामसेविकांचं शिबिर होतं, तिथं ताराबाईंची गाठ पडली. अनुताई पुण्याची कायमची नोकरी सोडून बोर्डीला गेल्या आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं त्याच मुलखात राहिल्या. बी. ए. त्यांनी पन्नाशीच्या घरात केलं, काम चालू ठेवून.

आता तो मुलूख कसा होता, हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डोंगराकडे वारली पाडे. जमीन सावकार-जमीनदारांची, आणि वारली त्यांच्याकडे वेठीवर. लग्नासाठी दीडशे-दोनशे रुपये उचलले की तो माणूस आणि त्याची बायको आयुष्यभर राबणार. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये झरी गावी हजारो वारली जमले आणि ‘वेठ करणार नाही’ म्हणाले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळं लिहिलं आहे. ताराबाई आणि अनुताई आल्या त्या याच वर्षी. एकीकडे मोर्चे, गोळीबार, आणि दुसरीकडे या दोन बायका तीन वर्षांच्या मुलांची नखं कापताहेत. कोणाला वाटेल, हे काय चाललंय. पण वेठ संपल्यावर वाढणारं मूल हिशोब करू शकणार आहे की नाही, हा प्रश्नही तितकाच खरा होता.

बोर्डीत पहिली बालवाडी निघाली ती नेहमीसारखीच. एक जागा, एक वेळ, या मुलांनो. मुलं आली. कोणती? वरच्या आळीतली. अस्पृश्य मानलेल्या वस्तीतली, मजुरांची, पाड्यांवरची मुलं येईनात. बोलावलं तरी येईनात. आलीच तर दोन दिवस येत, मग बंद.

बंधुभगिनींनो, या ठिकाणी आपण सगळे काय म्हणतो? मी बत्तीस वर्षं बालवाडीत काढली आहेत, त्यामुळे मला पाठ आहे. आपण म्हणतो, ‘यांना शिक्षणाचं महत्त्वच नाही.’ मग एक रॅली काढतो, घोषणा देतो, एखादा फलक लावतो. त्या दोघींनी तसं केलं नाही. त्या वस्तीत जाऊन बसल्या आणि मुलं सकाळपासून काय करतात ते पाहिलं. आणि मग बालवाडीच वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात. सारवलेली जागा, वर मांडव नाहीतर झाड. आधी पाणी तापवायचं, मुलांना धुवायचं, खरजेला औषध, डोळे पुसायचे, केस विंचरायचे. हे सगळं आयांच्या डोळ्यांदेखत. मग गाणी, गोष्ट, खेळ. आई तिथंच भाकरी थापते आहे, आजी पलीकडे बसली आहे, तिला ऐकू येतं आहे. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी.

होय, तोच शब्द. आज गावोगावच्या पाटीवर असतो तो. भारत सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, देशभरात ३३ ठिकाणी. आपल्या राज्यात त्यात धारावी होती आणि आपल्या शेजारचं मेळघाटातलं धारणी होतं, कोरकूंचा मुलूख. आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत, देशात तेरा लाखांहून जास्त. त्या नावामागं बोर्डीचं ते सारवलेलं अंगण आहे.

साहित्याचा प्रश्न कसा सुटला तेही सांगते, कारण आपल्या अंदाजपत्रकात ‘शैक्षणिक साहित्य’ म्हणून एक बरीच मोठी रक्कम धरली आहे. त्यांनी माँटेसोरीबाईंचं तत्त्व ठेवलं आणि दुकान सोडलं. मुलानं लहान-मोठं ओळखावं, रंग ओळखावा, मोजावं, ओवावं, ओतावं, एवढंच ना? मग शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, दगडगोटे, करवंट्या, बांबूच्या नळ्या, माती. समुद्रकाठी शिंपले फुकट. आपल्याकडे समुद्र नाही, पण ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी करता न येणारं एक तरी मूल या तालुक्यात आहे का? तुरीच्या तुराट्या आहेत, पळसाची पानं आहेत, सोयाबीनचे दाणे आहेत, कपाशीची बोंडं आहेत. तीन वर्षांच्या मुलाला चाळणीतून हरभरा आणि तूर वेगळी करायला द्या, अर्धा तास हलणार नाही. वर आईला वाटेल, लेकरू कामाचं झालं.

दहा-अकरा वर्षांनी हे काम बोर्डीहून आत, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अगदी वारली पाड्यांच्या मधोमध. मी तिथं एकदा गेले आहे, अनुताई गेल्यानंतर. खाली चिकूच्या बागा, वर टेकडी, आणि झोपड्यांच्या कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठानं काढलेली माणसं, जनावरं, झाडं. माझ्या मनात आलं, ज्यांच्या आया भिंतीवर असं काढतात, त्यांच्या मुलांना आपण वहीत ठिपके जोडायला शिकवतो.

कोसबाडला नवी अडचण आली, आणि माझ्या मते या शाळेची खरी गोष्ट इथं सुरू होते. पहिलीत, दुसरीत बसायच्या वयाच्या मुली येत नव्हत्या. का, तर त्यांच्या कडेवर धाकटं भावंडं. आई-बाप रानात, कामावर. सात-आठ वर्षांची मुलगी म्हणजे घरातली दुसरी आई. तिला शाळेत आणायचं तर तिच्या कडेवरच्याचं काय करायचं? शाळा म्हणते, तान्हं आत आणू नको. घर म्हणतं, तान्हं टाकून जाऊ नको. मुलगी दारात उभी.

ही मुलगी मी स्वतः पाहिली आहे. कोसबाडला नाही, आपल्याच भागातल्या एका गावात, पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी. मी बालवाडी घेत होते आणि ती खिडकीच्या गजाला धरून रोज उभी राहायची, बहिणीला कडेवर घेऊन. मी शिकवलेली गाणी ती बाहेरूनच म्हणायची, माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा चांगली. तिला आत घेतलं तर तपासणीला आलेले साहेब म्हणाले, ही वयात बसत नाही, आणि कडेवरचीही बसत नाही. एक मोठी, एक लहान. दोघींची नावं कोणत्याच रजिस्टरात मावेनात.

कोसबाडला ताराबाईंनी यावर जे केलं त्याला विकासवाडी म्हणतात. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मोठी बहीण वर्गात, मधला बालवाडीत, तान्हं पाळण्यात. मधेच तान्हं रडलं तर ती जाऊन बघून येते, त्यात कोणी गैर मानायचं नाही. आणि पाळणाघरात, बालवाडीत मोठ्या मुली मदत करतात, त्यातून त्याही शिकतात. ऐकायला किती सोपं आहे. पण त्यासाठी तीन वेगवेगळ्या वयांचे, तीन वेगवेगळ्या खात्यांचे नियम एका अंगणात आणावे लागतात. सरकारी शाळेच्या गुरुजींना ते मनात असूनही करता येत नाही. यांना करता आलं, कारण शाळा स्वतंत्र होती, वेळापत्रक त्यांच्या हातात होतं.

मुलींचं असं झालं. मग मुलगे? ते गुरांमागं. सकाळी गाई-शेळ्या सोडायच्या आणि दिवस कलला की आणायच्या. मालकाची गुरं असतात, एक हरवली तर मार. या मुलाला साडेदहाची घंटा काय कामाची? तर शिक्षक कुरणात गेला. खांद्याला पिशवी, तिच्यात पाट्या, चित्रं, गोष्टीचं पुस्तक. गुरं चरताहेत, मुलं आळीपाळीनं लक्ष ठेवताहेत, आणि झाडाखाली शाळा. हिचं नाव कुरणशाळा. जी मोठी मुलं दिवसभर कामावरच असत, त्यांच्यासाठी रात्रीची शाळा.

मी या कुरणशाळेवर फार विचार केला आहे. गुराख्याच्या पोराला मोजता येत नाही असं कोण म्हणेल? त्याला नजरेनंच कळतं की कळपात एक कमी आहे. रंगानं, शिंगानं, चालीवरून प्रत्येक जनावर ओळखतो. त्याच्या अंगात असलेलं गणित पाटीवर कसं उतरवायचं, एवढंच बाईनं करायचं. त्याला काहीच येत नाही असं धरून सुरुवात केली, की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. आणि बरोबर करतो.

भाषेचंही असंच. वारली मुलाची घरची बोली वेगळी. बाई शुद्ध पुस्तकी मराठी बोलली की मूल गप्प, आणि गप्प बसलेल्या मुलाला आपण मंद म्हणतो. आपल्याकडे हे नीट लक्षात घ्या. आंध लोकांची घरची भाषा मराठीच, पण ती वऱ्हाडी वळणाची. बंजारा तांड्यावर गोरमाटी. फासेपारध्यांची बोली तर गुजरातीच्या जवळची. तीन वर्षांचं पारधी लेकरू आपल्या बालवाडीत आलं तर पहिला महिना त्याला आपलं काहीही कळणार नाही. म्हणून माझी सूचना आहे, जी बाई आपण नेमू तिला ‘पाणी’, ‘भूक’, ‘आई’, ‘दुखतंय’, ‘ये’, ‘शाब्बास’ एवढे तरी शब्द तिन्ही बोलींत आले पाहिजेत. आणि शक्य असेल तर बाई वस्तीतलीच असावी, सातवी-दहावी झालेली का असेना. तिला शिकवण्याची पद्धत सहा महिन्यांत देता येते. बाहेरच्या बाईला वस्ती सहा वर्षांतही कळत नाही.

कोसबाड वाढलं ते इमारतींनी कमी आणि माणसांनी जास्त. तिथं बालसेविकांचं प्रशिक्षण सुरू झालं, आणि शिकून गेलेल्या बायकांनी आपापल्या गावात अंगणं शोधली. अनुताई लिहीतही राहिल्या. त्यांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक आपल्या भगिनी मंडळाच्या कपाटात असावं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. वय सत्तरीच्या पुढं गेल्यावर, १९८२ मध्ये, रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही संस्था सुरू केली, त्याच डहाणूच्या भागात. सप्टेंबर १९९२ मध्ये त्या वारल्या.

ही मिशनची शाळा नव्हती, हे मला ठाऊक आहे. त्यांनी आपल्यासारखी प्रार्थना केली नाही. पण येशूकडे मुलांना आणणाऱ्यांना शिष्यांनी दटावलं होतं, ही गोष्ट आपण दर वर्षी मुलांच्या रविवारी ऐकतो. मुलांना अडवणारे ते शिष्य होते, जवळची माणसं, व्यवस्था ठेवणारी. दारात उभ्या राहिलेल्या मुलीला ‘वयात बसत नाही’ म्हणणारेही तसे वाईट नसतात. आपणही व्यवस्था ठेवायला निघालो आहोत, म्हणून सांगते.

आता समितीतल्या काही बंधूंचा रास्त प्रश्न आहे, की सरकारी अंगणवाडी आहे, मग आपण कशाला? मी अंगणवाडी सेविकांच्या विरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही. त्या बाईकडे सहा कामं आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजाऱ्याला पुढं पाठवणं, आयांना आरोग्याची माहिती आणि शाळापूर्व शिक्षण. वजनं घ्यायची, मोबाईलवर नोंदी करायच्या, निवडणुकीची कामं आली तर तीही. या सगळ्यात मुलांना गोष्ट सांगायची कधी? सहातलं हे एक काम शेवटी उरतं आणि उरलेल्या वेळात होतं. कायद्याचंही तसंच. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. तीन ते सहाची मुलं त्या हक्काच्या उंबऱ्याबाहेर उभी आहेत. त्यांच्यासाठी सरकारनं व्यवस्था करावी एवढंच कायदा म्हणतो, करायलाच हवी असं म्हणत नाही. आपण अंगणवाडीची मुलं पळवायची नाहीत. जिथं सेविकाताईचा हात पोचत नाही तिथं, तिला विचारून, तिच्या जोडीनं काम करायचं. मुलाचा खाऊ आणि लस तिच्याकडंच राहील.

आणि तिचा हात कुठं पोचत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दिवाळी झाली की तांड्यावर ट्रक लागतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीला. मागं राहतात म्हातारी माणसं आणि काही मुलं. बाकीची लेकरं ट्रकमध्ये, भांड्यांच्या आणि चुलीच्या बरोबर. चार-पाच महिने ती फडाच्या कडेला पाचटाच्या खोपीत असतात. इथल्या रजिस्टरात गैरहजर, तिथल्या रजिस्टरात नावच नाही. परत येतात तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या बेतात असते. असं मूल सहा वर्षांचं झालं की थेट पहिलीत बसतं, शेजारी बसलेल्या मुलाला तीन वर्षं गोष्टी, गाणी, खडू, रंग मिळालेले असतात, याला काहीच नाही. मग महिनाभरात आपणच ठरवतो की हे हुशार आणि हे ढ.

आपला नकाशा या मुलासाठी काय करतो? व्हरांडा चांगला आहे, पण ते नोव्हेंबर ते मार्च इथं नाही.

कोसबाडच्या बायकांनी या जागी काय केलं असतं, ते मी सांगू शकत नाही. पण त्यांनी प्रत्येक वेळी जे केलं ते समोर आहे. मूल अंगणात होतं तर बालवाडी अंगणात, कडेवर तान्हं होतं तर आवारात पाळणा, गुरांमागं होतं तर शाळा कुरणात. आपलं मूल ट्रकमध्ये आहे. तेव्हा एक बाई टोळीबरोबर जाईल का? मुकादमाशी आधी बोलून, त्याच टोळीतली एखादी शिकलेली सून, जिला आपण पाच महिने मानधन देऊ, आणि जी ऊस तोडण्याऐवजी फडाच्या कडेला त्या टोळीची सगळी लेकरं सांभाळेल, गोष्टी सांगेल, पाटी धरायला शिकवेल? तिच्या कोयत्याची मजुरी बुडते, ती भरून द्यावी लागेल. शिवाय सगळी टोळी निर्धास्त होईल, कारण फडात रस्त्याच्या कडेला, बैलांच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांजवळ खेळणाऱ्या लेकरांवर कोणाची नजर नसते. एवढ्या एका कारणासाठी आया हो म्हणतील. शिक्षणाचं पुढचं पुढं.

इमारतीच्या विरुद्ध मी नाही. पावसाळ्यात छप्पर लागतं, आणि पोरांना एक जागा आपली वाटली पाहिजे. पण माझा आग्रह आहे की पहिल्या वर्षीचं अर्पण बायकांच्या मानधनाला जावं. दोन वस्तीवर, एक टोळीबरोबर. साहित्य आपण गोळा करू, त्याला पैसा लागत नाही. वर्षानं परत बसू, त्या तिघी काय सांगतात ते ऐकू, आणि मग खोली कुठं बांधायची, तिला पाळण्याची जागा किती ठेवायची, ते ठरवू. अर्पण देणाऱ्या बंधुभगिनींना पाटीवर नाव बघायला आवडतं, मला कळतं. फडावरच्या खोपीला पाटी लावता येत नाही. त्यांना आपण या अंकातून पत्रं पाठवू, त्या बाईनंच लिहिलेली.

समितीचा निर्णय पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी मोजणी व्हायला हवी. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता, उन्हं चढायच्या आत, आम्ही सहा-सात जणी वस्तीवर आणि तांड्यावर निघणार आहोत. घरटी तीन ते सहाची मुलं किती, त्यांच्या कडेवर कोण, शेळ्या कोण नेतं, आणि दिवाळीनंतर कोण कुठं जातं, एवढं लिहून आणायचं आहे. ज्या बहिणींना गोरमाटी बोलता येते त्यांची फार गरज आहे. तरुण संघातल्या मुलांनी मोटारसायकली आणाव्यात, पेट्रोल आपलं आपण. येताना हातात वही दिसू देऊ नका, लोकांना वाटतं पंचनामा करायला आले. पिशवीत ठेवा. आणि लेकरांसाठी मूठभर फुटाणे असू द्या.